पिवळ्या बसचा दंड

३१ ऑगस्ट १९६२. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात इंडियानोला गावाहून एक जुनाट बस रूलव्हिलकडे परत निघाली होती. आत अठरा माणसं, सगळी कृष्णवर्णीय, बहुतेक शेतमजूर. वाटेत पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला खाली उतरवलं. त्याचा गुन्हा असा, की बसचा रंग प्रमाणाबाहेर पिवळा होता. लोकांना ती शाळेची बस वाटू शकेल. दंड शंभर डॉलर. घासाघीस होऊन तो तीस डॉलरवर आला आणि प्रवाशांनी खिसे झटकून, चिल्लर गोळा करून तो भरला. हीच बस कित्येक वर्षं मजुरांना कापसाच्या शेतांवर पोचवत होती. तेव्हा तिचा पिवळा रंग एकाही पोलिसाच्या डोळ्यांत खुपला नव्हता. त्या दिवशी वेगळं होतं ते एवढंच, की बसमधली माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली होती.

बसमध्ये भीतीनं सगळे गप्प झाले होते. तेवढ्यात एक बाई गाऊ लागली. चर्चमध्ये दर रविवारी म्हटली जाणारी भजनं, एकामागून एक. ठेंगणी, अंगानं भरलेली, चालताना एका पायानं लंगडणारी, चव्वेचाळीस वर्षांची ही बाई म्हणजे फॅनी लू हेमर. त्या दिवसापर्यंत परगण्याबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत तिचं नाव व्हाइट हाउसपर्यंत पोचलं आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्या नावाची धास्ती घेतली.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही पोलिसांच्या वर्णद्वेषावर पुष्कळ छापून आलं. पोलिसांना प्रशिक्षण कसं द्यावं, त्यांच्या छातीवर कॅमेरा असावा का, असे विषय चघळले गेले. त्या चर्चेत मला हेमरबाईंची सारखी आठवण होत होती. पोलिसाच्या हातातला दंडुका कुठून बळ घेतो, ह्याचा हिशेब त्यांच्याइतका स्वच्छ फार थोड्यांनी मांडला आहे. आणि हिशेब हा माझा जुना धंदा.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ चा, मिसिसिपीतल्याच मॉन्टगोमेरी परगण्यातला. टाउनसेंड दांपत्याचं हे विसावं आणि शेवटचं अपत्य. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर परगण्यात एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर आलं. शेती अर्धेलीची. बी, खत, अवजारं आणि वर्षभराची खावटी मालकाच्या दुकानातून उधार घ्यायची, पीक आलं की अर्धं त्याचं, आणि आपल्या अर्ध्यातून उधारी वळती करायची. चोपडी मालकाकडे. ती वाचायला मागायची सोय नव्हती. वर्षाच्या शेवटी हातात काही उरलं तर नशीब, बहुधा पुढच्या वर्षाचं कर्जच उरायचं.

लहानपणी पोलिओनं पाय अधू झालेली फॅनी सहा वर्षांची असताना जमीनदार घोड्यावरून जाताजाता तिच्यापाशी थांबला. आठवड्यात तीस पौंड कापूस वेचलास तर माझ्या दुकानातला खाऊ देईन, असं त्यानं सांगितलं. पोरीनं तीस पौंड वेचले, खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यात साठ पौंडांची अपेक्षा झाली. त्या खाऊच्या पुड्यातून आपल्याला जन्माचं शेतात जुंपलं गेलं, हे त्यांना मोठेपणी उमगलं. तेरा वर्षांची होईपर्यंत ती दिवसाला दोनशे पौंडांवर कापूस वेचू लागली होती. शाळा वर्षातून चार महिने, तीही सहावीपर्यंत. पोटासाठी सुगी संपलेल्या शेतांतला उरलासुरला कापूस वेचत आई मुलांना घेऊन मैलोगणती हिंडायची.

वडलांनी एकदा चार पैसे साठवून खेचरं आणि अवजारं घेतली होती. कुटुंब स्वतःच्या पायावर उभं राहायच्या बेतात असताना एका रात्री शेजारच्या एका गोऱ्यानं खेचरांच्या चाऱ्यात पॅरिस ग्रीन नावाचं विष कालवलं. जनावरं मेली. तक्रार कुणाकडे करायची? शेरीफकडे? इथं एक खुलासा करायला हवा. मुंबईचा शेरीफ म्हणजे शोभेचं, मानाचं पद. अमेरिकेतला शेरीफ हा परगण्याचा पोलीसप्रमुख असतो, तुरुंग त्याच्या ताब्यात असतो, आणि तो निवडणुकीत मतं मिळवून त्या खुर्चीवर बसतो. ज्याला मत नाही त्याच्या मेलेल्या खेचरांची चौकशी शेरीफानं कशासाठी करावी? ती झाली नाही.

१९४४ मध्ये फॅनीचं लग्न पेरी हेमर ह्या ट्रॅक्टरचालकाशी झालं. त्यांना सगळे पॅप म्हणत. नवराबायको रूलव्हिलजवळच्या मार्लो ह्यांच्या मळ्यावर राहिली ती अठरा वर्षं. लिहितावाचता येतं म्हणून मालकानं फॅनीला हजेरी आणि वजनाचं काम दिलं. हा भाग मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चरित्रकार तो दोन ओळींत आटपतात.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षं कापसाच्या मुलखात गेली. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की संध्याकाळी शेताच्या बांधावर काटा लागतो. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर. काटा मालकाचा, वजन सांगणारा मालकाचा, आणि बायकांची नजर काट्यावर खिळलेली. काटा मारणं हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही. मार्लोंच्या मळ्यावरही हेच होतं. तिथल्या काट्याच्या दांडीवर सरकणारं वजन मजुराच्या विरुद्ध जाईल असं केलेलं होतं. हेमरबाईंनी खऱ्या तोलाचं एक वजन मिळवलं आणि ते लपवून ठेवलं. मालक समोर नसला की त्याचं वजन काढायचं, आपलं लावायचं. तो येताना दिसला की पुन्हा अदलाबदल. त्यात कसलीही घोषणा नव्हती, सभा नव्हती, पत्रक नव्हतं. दिवसाच्या अखेरीस एखाद्या बाईच्या नावापुढे तिचे खरे पौंड लिहिले जात, एवढंच. मतदानाच्या हक्काचं नाव ऐकायच्या कितीतरी आधी त्या हे करत होत्या. सापडल्या असत्या तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

१९६१ मध्ये गर्भाशयातली गाठ काढण्यासाठी त्या इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. हे एकट्या त्यांच्याच वाट्याला आलं नव्हतं. गरीब कृष्णवर्णीय बायकांवर तिथं असे प्रयोग सर्रास होत. पोटचं मूल नशिबात नव्हतं. दत्तक घेतलेल्या दोन मुली त्यांनी वाढवल्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये रूलव्हिलच्या विल्यम्स चॅपल ह्या छोट्या चर्चमध्ये बाहेरगावची काही तरुण मंडळी सभा घ्यायला आली. विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती आणि मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची संघटना ह्यांचे हे कार्यकर्ते. कृष्णवर्णीयांनाही मताचा अधिकार आहे, हे हेमरबाईंना त्या सभेत पहिल्यांदा कळलं. चव्वेचाळीस वर्षं ज्या देशात काढली त्या देशाच्या घटनेत आपला उल्लेख आहे, ही बातमी त्यांना तिथं मिळाली. नाव नोंदवायला कोण येणार असं विचारल्यावर त्यांनी हात वर केला.

नाव नोंदवणं ही काय भानगड होती, ते आपल्याला चटकन समजणार नाही. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सही न येणारी बाईही बैलजोडीची किंवा झोपडीची खूण पाहून त्या त्या पेटीत मतपत्रिका टाकून आली. डॉ. आंबेडकरांनी सरसकट प्रौढ मतदानाचा आग्रह किती आधीपासून धरला होता, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. मिसिसिपीत त्यानंतर दहा वर्षांनीही परीक्षा होती. राज्याच्या घटनेतलं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक ते ठरवणार नोंदणी कारकून, अर्थातच गोरा. अर्जात तुम्ही कुणाकडे कामाला आहात हेही लिहायचं. आणि १९६२ च्या नव्या कायद्यानुसार अर्जदाराचं नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापून येणार. म्हणजे मालकाला, सावकाराला, रात्री तोंडाला फडकी बांधून फिरणाऱ्यांना, सगळ्यांना रीतसर कळवण्याची सोय.

हेमरबाई नापास झाल्या. पिवळ्या बसचा दंड भरून त्या रात्री घरी पोचेपर्यंत बातमी मालकापर्यंत आलेली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असं त्यानं बजावलं. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला. पॅपना सुगी संपेपर्यंत अडकवून ठेवलं गेलं. १० सप्टेंबरच्या रात्री, रूलव्हिलमध्ये त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या तिथं सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवानं त्या तिथं नव्हत्या. पुढं घरात नळ नसताना त्यांना नऊ हजार डॉलरचं पाणीबिल आलं, असं त्या सांगत. त्यांनी परीक्षा पुन्हा दिली आणि जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्या. मत द्यायला गेल्या तर आधीच्या दोन वर्षांच्या मतदानपट्टीच्या पावत्या मागितल्या गेल्या. ज्यांना नोंदणीच करू दिली नव्हती त्यांच्याकडे पावत्या कुठून असणार? बँकेतल्या कारकुनीत एक अर्ज दुसऱ्या कागदावर आणि दुसरा तिसऱ्यावर अडवायची कला मी जवळून पाहिली आहे. मिसिसिपीच्या कारकुनांनी ती शास्त्राच्या पातळीवर नेली होती.

एव्हाना त्या विद्यार्थी समितीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या होत्या. पगार आठवड्याला दहा डॉलर.

आता विनोना. ९ जून १९६३, रविवार. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला मतदार शिक्षणाचं शिबिर आटोपून सात-आठ जण बसनं परतत होते. विनोना हे मॉन्टगोमेरी परगण्याचं मुख्य गाव, म्हणजे हेमरबाईंच्या जन्माचाच परगणा. बसथांब्यावरच्या खाणावळीत काही जण खायला आत गेले. प्रवासी बसच्या थांब्यांवर काळा-गोरा भेद करायला केंद्र सरकारच्या आयोगानं १९६१ पासूनच बंदी घातली होती, तेव्हा कायदा त्यांच्या बाजूला होता. गावचा पोलीसप्रमुख आणि महामार्ग पोलीस आत होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. अ‍ॅनेल पॉन्डर ही शिक्षिका बाहेर येऊन पोलिसांच्या गाडीचा नंबर टिपून घेऊ लागली. तेवढं पुरलं. सगळ्यांना अटक झाली. हेमरबाई तोवर बसमध्येच होत्या. काय झालं ते पाहायला त्या खाली उतरल्या, आणि त्यांनाही उचललं.

तुरुंगात आधी एकेकीला बाहेर काढून मारलं. त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. पॉन्डरबाईंना पोलिसांना साहेब म्हणायला सांगितलं जात होतं आणि त्या म्हणत नव्हत्या. त्याचा आवाज हेमरबाईंना आपल्या कोठडीत ऐकू येत होता. त्यांची पाळी आली तेव्हा महामार्ग पोलिसानं त्या कुठल्या, ह्याची खात्री करून घेतली. रूलव्हिलची, नाव नोंदवणारी बाई, हे कळल्यावर त्यांना दुसऱ्या कोठडीत नेलं. तिथं दोन कैदी होते, दोघंही कृष्णवर्णीय. त्यांना दारू पाजली, हातात चामड्याचा सोटा दिला आणि बाईला पालथी पाडून मारायला लावलं. पहिला थकला तेव्हा दुसऱ्याला पुढं केलं. पाय झाडू नयेत म्हणून एकाला त्यांच्या पायांवर बसवलं. अधू पाय वाचवायला त्या कूस बदलू पाहत होत्या. ओरडू लागल्या तेव्हा एका गोऱ्या पोलिसानं डोक्यावर मारलं.

ह्या प्रसंगातल्या त्या दोन कैद्यांवर माझं मन नेहमी अडखळतं. पोलिसांना आपले हात मळवायचे नव्हते, असं नव्हे. ते त्यांनी मळवलेच. पण काळ्या बाईला काळ्याच माणसाच्या हातून मारण्यात हुशारी होती. नकार दिला असता तर त्या दोघांचं काय झालं असतं हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. हेमरबाईंनी पुढच्या आयुष्यात त्या दोघांविषयी कधी सूडानं बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. हुकूम देणाऱ्यांना मात्र त्यांनी प्रत्येक व्यासपीठावर उभं केलं.

सुटका १२ जूनला झाली. अँड्र्यू यंग आणि त्यांचे सहकारी जामीन घेऊन आले. त्याआधी कोठडीतूनच नेऊन खटला चालवून ह्या सर्वांना गैरवर्तन आणि अटकेला विरोध ह्यांबद्दल दोषी ठरवून झालं होतं! बाहेर आल्यावर कळलं की त्याच पहाटे जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स ह्या पुढाऱ्याचा घराच्या दारात खून झाला होता. हेमरबाईंच्या मूत्रपिंडाला झालेली इजा, डोळ्यातली रक्ताची गाठ आणि वाढलेलं लंगडणं मरेपर्यंत सोबत राहिलं. महिनाभर त्यांनी घरच्यांना आपलं तोंड दाखवलं नाही.

केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं शेरीफ, पोलीसप्रमुख आणि आणखी तिघांवर नागरी हक्क हिरावल्याचा खटला भरला. डिसेंबर १९६३ मध्ये ऑक्सफर्ड गावच्या केंद्रीय न्यायालयात तो उभा राहिला. मारलेल्यांच्या साक्षी झाल्या. ज्यूरीनं पाचही जणांना निर्दोष सोडलं. ज्यूरीत एकूण एक गोरे पुरुष होते.

नानावटी खटल्यामुळे ज्यूरी हा शब्द आपल्याकडे जुन्या वाचकांना परिचित आहे. त्यानंतर आपल्याकडली ती पद्धत हळूहळू संपली. अमेरिकेत ती आजही आहे. ज्यूरीतली माणसं निवडायची ती मुख्यतः मतदारयादीतून. आता हेमरबाईंचा हिशेब मांडून पाहा. यादीत नाव नाही, म्हणून शेरीफ निवडण्यात हात नाही. यादीत नाव नाही, म्हणून ज्यूरीत बसता येत नाही. म्हणजे शेरीफ मारणार आणि शेरीफला मतं देणारेच त्याचा निवाडा करणार. नाव नोंदवायला गेलेल्या बाईवर एवढा सोटा का चालला, ह्याचं उत्तर ह्या साखळीत आहे. मालकाच्या काट्यावरचं वजन बदलणाऱ्या बाईला ही साखळी कळायला पुस्तकं वाचावी लागली नाहीत. विनोनाच्या निकालानंतर त्या पोलिसांच्या मागे पुन्हा कोर्टात धावल्या नाहीत, यादीच्या मागे धावल्या.

१९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेतले शेकडो विद्यार्थी नावनोंदणीला मिसिसिपीत आले. २१ जूनला ह्या मोहिमेतले तीन तरुण कार्यकर्ते नाहीसे झाले. एक काळा, दोन गोरे. नेशोबा परगण्याच्या डेप्युटी शेरीफनं त्यांना अटक करून रात्री सोडलं होतं, ते थेट मारेकऱ्यांच्या हाती. सहा आठवड्यांनी प्रेतं सापडली. हा डेप्युटी १९६७ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोषी ठरला. ती ज्यूरीही गोरीच होती, हे इथं सांगायला हवं. पण त्या वेळेपर्यंत सारं जग मिसिसिपीकडे पाहत होतं.

जगाचं लक्ष वळवण्यात हेमरबाईंचा वाटा मोठा. डेमोक्रॅटिक पक्षाची मिसिसिपी शाखा काळ्यांना दाराशी उभं करत नव्हती, म्हणून ह्या मंडळींनी सर्वांना खुला असा आपला वेगळा पक्ष काढला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीच्या पक्ष अधिवेशनात जाऊन सांगितलं, खरे प्रतिनिधी आम्ही. २२ ऑगस्टला हेमरबाई अधिकारपत्रं तपासणाऱ्या समितीपुढं बसल्या. समोर कागद नव्हता. आठेक मिनिटांत त्यांनी पिवळी बस, मळ्यावरून हकालपट्टी, सोळा गोळ्या आणि विनोनाची कोठडी सांगितली. दूरदर्शनवर ते थेट दिसत होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांना दक्षिणेतले गोरे बिथरतील ह्याची चिंता होती. त्यांनी घाईघाईनं पत्रकारांना बोलावलं, आणि कॅमेरे तिकडे वळले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसानं सहावी शिकलेल्या मजूर बाईचं बोलणं तोडण्यासाठी पत्रकार बोलवावेत, ह्याला काय म्हणावं? पण डाव उलटला. वाहिन्यांनी तिची साक्ष त्या रात्री, जास्त लोक पाहत असताना पुन्हा दाखवली.

पक्षानं तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. मोठमोठे पुढारी समजूत घालत होते. हेमरबाई तयार झाल्या नाहीत. अडुसष्ट जण आले होते ते दोन खुर्च्यांसाठी आलेले नव्हते. चार वर्षांनी, १९६८ च्या शिकागो अधिवेशनात, त्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून आत गेल्या तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं.

ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला. कायद्याआधी मिसिसिपीतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के यादीत होते. १९६७ पर्यंत ते प्रमाण ५९.८ टक्क्यांवर गेलं. हेमरबाई ज्या विद्यार्थी समितीत होत्या तिच्याच कार्यकर्त्यांनी अलाबामातल्या लाउन्डस परगण्यात स्थानिकांबरोबर उभ्या केलेल्या पक्षाची खूण होती काळा चित्ता. ती खूण १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पोचली; तिथल्या तरुणांनी पोलिसांवर नजर ठेवायला गस्ती घातल्या आणि ब्लॅक पँथर हे नाव घेतलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ह्या मंडळींनी दलित पँथर काढली, ती ह्याच वाटेनं आलेली.

आणखी एक योगायोग नमूद करतो. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा जो कायदा केला होता, तो रद्द झाल्याचा दिवस आपल्याकडे विमुक्त दिन म्हणून पाळतात. तो ३१ ऑगस्ट, साल १९५२. पिवळी बस निघाली त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी. कायदा गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडे वळणारी पोलिसांची पावलं गेली का, हे आपल्याकडच्या गावांत राहणाऱ्याला मी सांगायला नको.

यादीत नावं आली, तरी मतं मालकाच्या धाकानं पडतात किंवा पडतच नाहीत, हे हेमरबाईंनी लवकरच पाहिलं. उपाशी माणसाचं मत मोकळं नसतं. त्यांच्या स्वतःच्या घरातच भूक होती. १९६७ मध्ये त्यांची मोठी मुलगी आजारी पडली, जवळच्या इस्पितळानं घेतलं नाही आणि शंभरावर मैलांवरच्या मेम्फिसला नेताना ती वाटेतच गेली. १९६९ मध्ये त्यांनी चाळीस एकर जमीन घेऊन सहकारी शेती सुरू केली. भेंडी, वाल, रताळी पिकवायची ती खाण्यासाठी. कापूस आणि सोयाबीन, जमिनीचा हप्ता भरायला. वर्गणी कुटुंबामागे महिना एक डॉलर. तीही जेमतेम तीस कुटुंबांना परवडली. नावाला मात्र दीड हजार कुटुंबं होती.

त्याच सुमारास त्यांनी बँक काढली, डुकरांची बँक! कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेनं पस्तीस माद्या आणि पाच नर घेऊन दिले. गाभण मादी गरजू कुटुंबाला द्यायची. विलेली पिलं त्या कुटुंबानं वाढवायची, खायची. काही माद्या बँकेला परत, त्या पुढच्या कुटुंबाला. तारण नाही, व्याज नाही. हे वाचताना मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत मी दुभत्या जनावरांसाठी कर्जं वाटली आहेत. कानातला बिल्ला बदलून तीच म्हैस तीन गावांत उभी केलेली पाहिली आहे, आणि महिन्याभरात मेल्याचे दाखलेही. आमच्याकडे फॉर्म होते, पंचनामे होते, वसुलीची उद्दिष्टं होती. हेमरबाईंच्या बँकेत परतफेड करणारा आणि पुढचा कर्जदार एकमेकांचे शेजारी होते, आणि दोघांनाही भुकेचा भाव माहीत होता.

शेती पुढं साडेसहाशे एकरांच्या घरात गेली. मग वादळ, पूर, अवर्षण, देणग्यांचा आटलेला ओघ आणि खुद्द हेमरबाईंचं ढासळतं शरीर. त्यांना जमाखर्च सांभाळणारी माणसं पुरेशी मिळाली नाहीत, असं माझं मत आहे. दारात आलेल्याला नाही म्हणता येत नसलेल्या माणसानं कर्जखातं चालवू नये. १९७६ पर्यंत करांच्या थकबाकीत जमीन गेली. १४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू ह्या गावातल्या इस्पितळात कर्करोगानं त्या गेल्या. वय एकोणसाठ. हे गाव गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी १८८७ मध्ये स्वतः वसवलेलं. रूलव्हिलच्या अंत्यविधीला अँड्र्यू यंग बोलले. विनोनाच्या तुरुंगात जामीन घेऊन आलेला हा माणूस तोवर संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचा राजदूत झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

फ्लॉइडला मारणारा पोलीस २०२१ च्या एप्रिलमध्ये दोषी ठरला, तो मिश्र वर्णांच्या ज्यूरीपुढं. त्याच डिसेंबरात त्यानं नागरी हक्क हिरावल्याचा केंद्रीय आरोपही मान्य केला. यादीचा उपयोग दिसतो तो असा. पण विनोनाची गोष्ट इतक्यात संपत नाही. १९९६ मध्ये ह्याच गावातल्या फर्निचरच्या दुकानात चार खून झाले आणि कर्टिस फ्लॉवर्स ह्या कृष्णवर्णीय माणसाला धरलं गेलं. एकाच गुन्ह्यासाठी त्यांच्यावर सहा वेळा खटला चालला, सहाही वेळा सरकारी वकील तोच. ज्यूरीसाठी पुढं आलेल्या ज्या बेचाळीस कृष्णवर्णीयांना नाकारण्याची संधी त्या वकिलाला मिळाली, त्यांतल्या एकेचाळिसांना त्यानं नाकारलं. ही नावं आता यादीत होती. ती ज्यूरीच्या खुर्चीपाशी जाऊन गळत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली आणि सप्टेंबर २०२० मध्ये खटला काढून घेतला गेला. तेवीस वर्षं फ्लॉवर्स तुरुंगात होते. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाचं पद तिथं शेरीफसारखंच मतदारांनी निवडून भरायचं असतं.